दोन सीटची फिएरो: सांगाडा भक्कम, ऑइल कमी

डेट्रॉइटच्या उत्तरेला वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून माणसं दिवसभर गाड्या बघत बसतात. दोन वर्षांपूर्वी तिथे एका बँकेच्या पार्किंगमध्ये लाल रंगाची 1984 ची पॉन्टिअ‍ॅक फिएरो उभी होती. सत्तरीच्या मालकाने मागचं झाकण उघडलं, डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढली, खिशातल्या फडक्याने पुसून परत घातली, पुन्हा काढली आणि उन्हात धरून तिच्यावरची खूण मला दाखवली. सकाळी घरून निघताना त्यांनी ऑइल बघितलं होतंच. पण बघितल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

माझं काम गाड्यांच्या धडकचाचण्यांशी जोडलेलं आहे. आमच्याकडे नवी मुलं रुजू झाली की त्यांना मी फिएरोचं प्रकरण सांगतो. त्यात पुण्याहून आलेली मराठी मुलं दर वर्षी दोन-तीन तरी असतात. धडकेत माणसाला सांभाळणारी आणि साध्या रस्त्यावर चालता चालता पेटणारी, अशा दोन्ही गोष्टी एकाच गाडीत कशा आल्या, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. कंपनी आणि गाडी सार्वजनिक नोंदीतली असल्याने त्यांची नावं ठेवली आहेत. माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. निर्णय कोणत्या खुर्चीतून झाला एवढंच इथे महत्त्वाचं आहे.

पार्श्वभूमी

1973 आणि 1979 अशा दोन तेलसंकटांनी अमेरिकी मोटारधंद्याचं कंबरडं मोडलं होतं. कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरावीक पातळीवर आणण्याची कायद्याची सक्तीही आली होती. पॉन्टिअ‍ॅक हा जनरल मोटर्सचा एक विभाग. तिथल्या एका गटाला मध्यभागी, म्हणजे सीटच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, इंजिन असलेली, दोन सीटची स्पोर्ट्‌स कूपे करायची होती. पण स्पोर्ट्‌स कार म्हणून प्रस्ताव पाठवला असता तर तो त्या दिवसांत पहिल्याच टेबलावर अडकला असता. मग तो वेगळ्या शब्दांत मांडला गेला: ऑफिसला एकटा जाणारा माणूस चार सीटची अवजड गाडी कशाला चालवतो? त्याला दोन सीटची, कमी पेट्रोल खाणारी गाडी देऊ.

हे खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. पुढच्या बऱ्याच गोष्टी इथूनच निघतात, म्हणून मी या जागेवर थांबतो. रोजच्या ये-जा करणाऱ्या गाडीला जेवढा पैसा मिळतो तेवढाच या गाडीला मिळाला. मुख्य इंजिनिअर तुर्कस्तानात जन्मलेला, चिवट माणूस. सहा महिन्यांच्या आत चालता नमुना उभा करून त्याने वरिष्ठांना तो चालवायला लावला. प्रकल्प अनेकदा बंद पडता पडता वाचला. गाडीसाठी हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं नवं व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन असावं ही त्याची इच्छा मात्र खर्चामुळे बारगळली.

हाताशी होतं ते 2.5 लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन, ‘आयर्न ड्यूक’ नावाने ओळखलं जाणारं. दणकट, स्वस्त, 92 अश्वशक्तीचं. पुढचं सस्पेन्शन शेव्हेट या छोट्या गाडीवरून घेतलं. मागच्या बाजूला सायटेशन कुटुंबातल्या गाड्यांच्या पुढच्या चाकांची जुळणी जवळपास जशीच्या तशी बसवली.

स्वतः घडवलेलं काय

उसनवारी सोडून जे त्यांनी स्वतः केलं, ते मात्र अप्रतिम होतं.

बहुतेक गाड्यांत बाहेरचा पत्राही थोडाफार भार पेलतो. फिएरोत सगळा भार पोलादी सांगाड्यावर होता. प्लॅस्टिकचे बाहेरचे भाग त्याला फक्त बोल्टने अडकवलेले, खुंटीला सदरा अडकवावा तसे. ते बरोबर बसावेत म्हणून सांगाड्यावर 39 ठिकाणी खास ठोकळे ठेवले होते. संपूर्ण सांगाडा एका मोठ्या यंत्रात धरून त्या सगळ्या ठोकळ्यांना एकाच वेळी तासलं आणि भोकं पाडली जात. त्यामुळे दाराची आणि बॉनेटची फट प्रत्येक गाडीत सारखी येई. बाहेरून गंज नाही, आणि रूप बदलायचं तर महागडे साचे नव्याने करायची गरज नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने मला यातल्या दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, पेट्रोलची टाकी. साधारण 39 लिटरची ती टाकी दोन सीटच्या मधल्या बोगद्यात, सांगाड्याच्या ऐन पोटात बसवली होती. मागून किंवा बाजूने ठोकर बसली तरी टाकीपर्यंत पोचण्याआधी पुष्कळ पोलाद चेपावं लागतं. दुसरी, इंजिन पाठीमागे. समोरच्या धडकेत पुढून पायांवर येणारं जड धूड नाही. पुढच्या भागात रेडिएटर आणि स्टेपनी, बाकी चेपायला मोकळी जागा. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. एअरबॅग आणि एबीएस नव्हते. तेव्हा ते फार थोड्या गाड्यांत होते.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने 1979 च्या मॉडेलपासून नव्या गाड्या ताशी 56 किलोमीटरने भिंतीवर आदळून बघायला सुरुवात केली होती. त्या चाचणीत फिएरोत माणसांच्या जागी बसवलेल्या पुतळ्यांच्या डोक्याला आणि छातीला बसलेला मार तेव्हाच्या बहुतेक गाड्यांपेक्षा कमी भरला. स्वस्त, ठेंगणी, दोन सीटची कूपे सुरक्षित नसणार असं सगळे धरून चालले होते. त्या काळात सुरक्षेसाठी गाडीला तारे द्यायची पद्धत नव्हती, ती 1990 च्या दशकात आली. नाहीतर या गाडीच्या जाहिरातीत तारेच तारे दिसले असते.

बाजारात

1983 च्या शरदात 1984 चं मॉडेल म्हणून गाडी आली. किंमत आठ हजार डॉलरला एक डॉलर कमी, त्यापासून सुरू. इटालियनमध्ये फिएरो म्हणजे ताठ मानेचा, अभिमानी. मे 1984 मध्ये इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावण्याचा मान या गाडीला मिळाला. एवढ्या कमी पैशांत मध्यभागी इंजिन असलेली, फेरारीसारख्या ठेवणीची गाडी अमेरिकी ग्राहकाने पाहिलीच नव्हती. पहिल्या वर्षी 1,36,840 गाड्या बनल्या.

डिझाइन बघून माणूस शोरूममध्ये शिरे आणि किंमत ऐकून सही करे. आपण एकटे-दुकटे असताना चालवायची, बाकी वेळ अंगणात मिरवायची गाडी, असं तिचं स्थान होतं. जे ग्राहक ती फक्त ये-जा करायला घेत ते खूश असत. पण ज्यांनी रूप बघून पैसे मोजले होते त्यांना पहिल्याच वळणावर कळे की आतलं सस्पेन्शन साध्या घरगुती गाडीचं आहे, आणि हायवेवर चढताना 92 अश्वशक्तींचा दम लागतो. ऑफिसला जायची गाडी म्हणून मंजूर झालेली वस्तू दुकानात स्पोर्ट्‌स कार म्हणून उभी होती.

अडचण

ऑक्टोबर 1983 मध्ये, म्हणजे गाडी बाजारात येऊन काही आठवडेच झाले असताना, चाचणीच्या दोन गाड्यांनी पेट घेतल्याची नोंद कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात आहे. तेव्हा बोट गळक्या कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, दाखवलं गेलं. पुढे ग्राहकांच्या गाड्या पेटू लागल्या. त्यात बहुतांश 1984 च्या, चार सिलिंडरच्या गाड्या होत्या.

एखाद्या गॅरेजवाल्याला सांगावं तसं सांगतो. हे इंजिन मुळात ऐसपैस बॉनेटखाली बसायला घडवलेलं. फिएरोच्या मागच्या चिंचोळ्या खोलीत त्याचं नेहमीचं ऑइल चेंबर मावेना, म्हणून चेंबर लहान केलं. एरवी जवळपास पावणेचार लिटर ऑइल घेणाऱ्या इंजिनात आता पावणेतीन लिटरच्या आसपासच मावू लागलं. म्हणजे मालकाच्या निष्काळजीपणाला उरलेली जागा जवळपास एका लिटरने घटली. त्यात काही कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, ओतकामातच कच्चे निघालेले. ऑइल थोडं खाली गेलं, गाडी हायवेवर जोरात पळवली, की रॉड तुटायचा आणि इंजिनच्या ब्लॉकला आतून भोक पाडायचा. बाहेर उडालेलं ऑइल सापडायचं कुठे, तर बाजूलाच लालबुंद तापलेल्या एक्झॉस्टवर. पुढे बॉनेट असतं तर ड्रायव्हरला धूर लगेच दिसला असता. इथे सगळं पाठीमागे, झाकणाखाली.

1987 च्या उन्हाळ्यापर्यंत महिन्याला वीसच्या आसपास गाड्या पेटत होत्या. लाखाहून जास्त गाड्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे असं कुणी कागदावर दाखवू शकतं. पण आग प्रत्येक शेजाऱ्याला दिसते. 2022 मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटतानाची चित्रफीत फिरली, तेव्हा मिशिगनमध्ये बसून मला नातेवाइकांचे चार फोन आले होते. बुकिंग ठेवायचं की रद्द करायचं, हा एकच प्रश्न. फिएरोच्या मालकांनाही शेजारी हेच विचारत असणार.

समोरचे पर्याय

आगीच्या बाबतीत रस्ते चार होते. मालकांना ऑइलची पातळी सांभाळायला सांगून जबाबदारी त्यांच्यावर टाकणं. नव्या गाड्यांत गुपचूप दुरुस्ती करत राहणं आणि विकलेल्या तशाच ठेवणं. 1984 च्या सगळ्या गाड्या लवकरात लवकर परत बोलावणं. किंवा या खोलीला शोभेल असं इंजिन आणि चेंबर नव्याने करणं.

चौथ्याला पैसा नव्हता. तिसऱ्यात पैसा आणि अब्रू दोन्ही जाणार होतं, त्यातही पहिल्याच वर्षी सगळीकडे कौतुक चालू असताना. आत बसलेल्या माणसांना पहिला पर्याय प्रामाणिकपणेही पटला असेल, हे मला समजतं. ऑइल कमी ठेवलं तर इंजिन बसणारच, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. पण ज्या गाडीत ऑइल मुळातच कमी मावतं तिच्या मालकाकडून इतर गाड्यांपेक्षा जास्त शिस्तीची अपेक्षा ठेवायची, आणि तीही त्याला आधी स्पष्ट न सांगता, हा अन्याय आहे. हे मत मी मुलांसमोर ठामपणे मांडतो. डिझाइनमध्ये जी जागा आपण खाल्ली, ती ग्राहकाच्या सवयीतून वसूल करता येत नाही.

बाजाराच्या बाबतीतही निवड होती. गाडीला रूपाला साजेशी ताकद द्यायची, की स्वस्त गाडी म्हणूनच विकत राहायचं? खरेखुरे स्पर्धक दारात उभे होते. होंडाची सीआरएक्स आलीच होती. टोयोटाची एमआर-टू 1985 च्या मॉडेलपासून अमेरिकेत आली. तीही मध्यभागी इंजिन असलेली दोन सीटची गाडी, आणि तिचं इंजिन-सस्पेन्शन वळणावर शोभून दिसणारं.

काय केलं गेलं

ताकद टप्प्याटप्प्याने आली. 1985 मध्ये 2.8 लिटरचं, 140 अश्वशक्तीचं व्ही-सिक्स मिळालं. 1986 मध्ये पाठ तिरकी उतरत गेलेली, जीटी नावाची फिएरो आली, आणि प्लॅस्टिकच्या भागांमुळेच ती स्वस्तात करता आली. सस्पेन्शन नव्याने करायला 1988 उजाडावं लागलं. ज्या गोष्टीची तक्रार पहिल्या महिन्यापासून होती, ती दुरुस्त व्हायला पाचवं मॉडेल लागलं.

आगीबाबत सुरुवातीची काही वर्षं पहिल्या दोन पर्यायांच्या मिश्रणात गेली. सरकारी चौकशीचा दाब वाढला आणि 1987 च्या अखेरीस 1984 च्या चार सिलिंडर गाड्या परत बोलावल्या गेल्या. इंजिनची तपासणी झाली, मोठा ऑइल फिल्टर बसवला गेला आणि डिपस्टिकवरची खूण बदलून ऑइल जास्त ठेवायला सांगितलं गेलं. वूडवर्डवर मला दाखवलेली खूण तीच. पुढे 1990 मध्ये सगळ्या वर्षांच्या फिएरो परत बोलावण्यात आल्या. तेव्हा गाडी बनणंच थांबलेलं होतं.

फिल्टर आणि डिपस्टिक एवढ्यावर जर बराचसा धोका कमी होणार होता, तर ते पहिल्या वर्षी का झालं नाही? हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. माझ्या मते कारण तांत्रिक नव्हतं. आगीकडे ‘इंजिनचा प्रश्न’ म्हणून पाहिलं गेलं. इंजिन एका विभागाचं, रॉडचं ओतकाम दुसऱ्या कारखान्याचं, गाडी तिसऱ्याची. आणि धडकचाचणीचा निकाल उत्तम असल्याने ‘सुरक्षा’ या रकान्यात आधीच बरोबरची खूण झालेली. त्या चाचणीत गाडी एकदाच, नव्या ऑइलसह, भिंतीवर आदळते. दोन वर्षं जुनी झालेली, पाऊण लिटर ऑइल कमी असलेली गाडी जुलैच्या उन्हात तासभर पळवून कुणी बघत नाही. आपल्याकडे 2023 मध्ये भारत एनकॅप, म्हणजे धडकचाचणीवरून गाड्यांना तारे द्यायची योजना, सुरू झालं याचा मला मनापासून आनंद आहे, पण तारे कशाचे आहेत आणि कशाचे नाहीत हे ग्राहकाला सांगायलाच हवं.

निष्पत्ती

1985 मध्ये उत्पादन 76,371 वर आलं, म्हणजे एका वर्षात चव्वेचाळीस टक्के घट. 1986 मध्ये जीटीच्या नव्या रूपाने ते 83,974 पर्यंत सावरलं. 1987 मध्ये 46,581 आणि शेवटच्या वर्षी 26,402. एकूण 3,70,168.

घसरणीला आग हे एकटंच कारण नव्हतं. दोन सीटच्या गाड्यांचे विम्याचे हप्ते त्या वर्षांत चढले, आणि ही गाडी घेणारे बरेचसे तरुण होते. विमा कंपनी सांगाडा किती भक्कम आहे हे बघत नव्हती. ती बघत होती की दोन सीटची गाडी घेणारा माणूस कसा चालवतो. जनरल मोटर्सने विक्री घटण्याचं एक कारण म्हणून विम्याकडे बोट दाखवलं, आणि त्यात तथ्य होतं. जनरल मोटर्सच्याच महागड्या कॉर्व्हेट या स्पोर्ट कारला घरातूनच स्पर्धा नको म्हणून फिएरोला मुद्दाम दाबलं, असं इथले जुने लोक आजही सांगतात. तो तर्क आहे, पण इथल्या प्रत्येक चहाच्या टेबलावर तो ऐकू येतो.

मार्च 1988 मध्ये गाडी बंद करत असल्याचं जाहीर झालं. 16 ऑगस्ट 1988 रोजी शेवटची फिएरो बाहेर पडली आणि कामगारांमध्ये सोडत काढून ती त्यांच्यातल्याच एकाला दिली गेली. त्याच वर्षी गाडीला अखेर तिच्या योग्यतेचं सस्पेन्शन मिळालं होतं. पुढच्या पिढीचा नमुनाही तयार होता. तो आज कंपनीच्या संग्रहात आहे. पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे भाग लावायची पद्धत 1990 पासून जनरल मोटर्सच्याच सॅटर्न या ब्रँडच्या गाड्यांत वापरली गेली. पॉन्टिअ‍ॅक हे नाव 2010 मध्ये संपलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, पहिल्या वर्षाचा आकडा. एवढी नवी रचना असलेल्या गाडीच्या सव्वा लाखाहून जास्त प्रती एका वर्षात रस्त्यावर आणल्या की प्रत्येक चूक सव्वा लाखाने गुणली जाते. विक्री जोरात असताना हात आखडता घ्यायला सांगणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. तरी पहिले सहा महिने निम्म्याच गाड्या काढल्या असत्या तर चाचणीतल्या त्या दोन आगींचा छडा लावायला वेळ मिळाला असता.

दुसरं, ऑइल चेंबर. उसना भाग घ्यायला हरकत नाही. मर्यादित पैशांत तोच शहाणपणा असतो. पण उसना भाग आपल्या जागेत बसवण्यासाठी कापला, की तो आपला झाला, आणि त्याची चाचणी मग नव्या भागासारखी व्हायला हवी होती. किमान ऑइल कमी झाल्यावर डोळ्यांसमोर ठळक दिवा लागेल एवढं तरी करता आलं असतं.

विम्याचं गणितही आधी मांडायला हवं होतं. तरुण ग्राहकाला हप्ता परवडणार का, हे किंमत ठरवतानाच विचारायचं असतं. धडकचाचणीचे चांगले आकडे घेऊन विमा कंपन्यांशी बसण्याची संधी या गाडीला होती. तसं कितपत झालं याची खूण निदान हप्त्यांत दिसली नाही.

आणि प्रस्तावातला तो अर्धा खरा शब्द. इथे माझ्या वर्गात दर वर्षी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, स्पोर्ट्‌स कार असं खरं सांगितलं असतं तर गाडी जन्मालाच आली नसती. दुसरा म्हणतो, मग न आलेली बरी. मी स्वतः पहिल्या तटात आहे. पण मंजुरी मिळाल्यावर, 1981-82 च्या सुमाराला कधीतरी, कुणीतरी वर जाऊन सांगायला हवं होतं की लोक ही गाडी ज्या नजरेने बघणार आहेत त्याला हे सस्पेन्शन आणि हे इंजिन पुरणार नाही. त्या वेळी 1988 चं सस्पेन्शन मागितलं असतं तर नकार आला असता, कदाचित. पण मागणी नोंदीत राहिली असती.

त्या लाल गाडीच्या मालकांना मी विचारलं होतं, इतकी वर्षं भीती नाही वाटली का? ते पूर्वी त्याच पॉन्टिअ‍ॅकच्या कारखान्यात दारं बसवण्याच्या कामावर होते. त्यांनी दार उघडलं आणि बोटाने हलकेच ढकललं. चाळीस वर्षांनीही ते एका बारीक खट्‌ आवाजात बंद झालं, वरपासून खालपर्यंत सारखी फट ठेवून. मग डिपस्टिक जागेवर बसवून त्यांनी मागचं झाकण लावलं आणि फडकं घडी करून परत खिशात ठेवलं.